'नाही ना?'

टेबलावर एक कागद आहे. पाठपोट नाही, एकाच बाजूला छापलेला. समुपदेशक ताई पेनाला टोपण लावतात आणि पेन बाजूला ठेवतात. हे एवढं नीट पाहा, कारण पुढचा प्रश्न त्या लिहिता लिहिता विचारणार नाहीत.

"गेल्या महिन्यात कधी असं वाटलं का, की झोपावं आणि पुन्हा उठूच नये?"

समोर फक्त हात दिसतात. चेहरा दाखवायचा नाही, ही त्या रुग्णाची एकच अट. गर्द, म्हणजे हेरॉइन, बंद होऊन ११ दिवस झालेत. अंगठा दुसऱ्या हाताच्या नखावरून फिरतोय. उत्तराला वेळ लागतो. तो वेळ आम्ही कापलेला नाही.

(शांतता. हात.)

हा कागद म्हणजे आत्महत्येचा धोका जोखणाऱ्या, कोलंबिया विद्यापीठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोजपट्टीचं छोटं रूप. तिच्यावरचा शोधनिबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न सहा, पण सगळे प्रश्न सगळ्यांना विचारायचे नसतात. पहिला, मरण यावंसं वाटलं का. दुसरा, जीव द्यायचा विचार आला का. दुसऱ्याला 'नाही' आलं, तर मधले तीन सोडून थेट सहाव्यावर. 'हो' आलं, तर एकेक पायरी खाली उतरायचं: कसं करायचं हे मनात आलंय का, तसं करायचा इरादा आहे का, काही ठरवलंय का. सहावा मात्र प्रत्येकाला: आजवर कधी काही केलंय, करायला घेतलंय, तयारी केलीय? केली असेल, तर ती गेल्या तीन महिन्यांतली का? पाठ व्हायला एक दुपार पुरते. विचारायला मात्र शिकावं लागतं.

(प्रशिक्षण वर्ग. गोलात मांडलेल्या खुर्च्या.)

आज इथे सराव आहे. निळ्या शर्टातला मुलगा रुग्ण झालाय, परिचारिका विचारतेय. "तसले काही विचार येत नाहीत ना?" तो चटकन म्हणतो, "नाही." शिकवणाऱ्या डॉक्टर तिथेच थांबवतात. "'नाही ना' म्हणालीस, म्हणजे उत्तर तूच दिलंस. त्याने नुसती मान हलवली." पुन्हा. पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला शब्द तोंडातून निघतो: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारून झाल्यावर तीच खाली बघते.

ही सवय आपल्या बोलण्यात फार खोल मुरलेली आहे. बरं आहे ना, झोप लागली ना. त्यात मायाच असते. पण या खोलीत ती माया समोरच्याचं तोंड बंद करते. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरेल, असं अनेकांना वाटतं. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. ज्याच्या डोक्यात तो आधीच आहे, त्याला निदान कुणी नाव घेऊन विचारलेलं असतं.

आणि व्यसनाच्या उपचारात विचारणं टाळून चालतच नाही. २००४ सालच्या एका मोठ्या आढाव्यात गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांचं व्यसन असलेल्यांमध्ये आत्महत्येने होणारे मृत्यू इतरांच्या १३ पटींहून जास्त आढळले.

(रुग्णवाहिकेचं दार. नॅलोक्सोनची कुपी.)

नॅलोक्सोन, म्हणजे अफूजन्य पदार्थांवरचा उतारा, दिल्यावर काही मिनिटांत अडलेला श्वास परत येतो. कागदावर नोंद होते: 'मात्रा जास्त झाली.' अपघात. बहुतेक वेळा चौकशी इथेच संपते. आमच्या कॅमेऱ्यासमोरचे हात यातून दोनदा गेलेत. ताईंनी विचारलं, तेव्हा मरायचं होतं का? तो म्हणाला, "मरायचं नव्हतं. पण मेलो असतो तरी चाललं असतं."

या उत्तरासाठी रुग्णवाहिकेच्या नोंदीत चौकट नाही. ते ऐकण्यासाठी कुणीतरी पेन खाली ठेवावं लागतं.

(भिंतीवरचं कॅलेंडर. लाल खुणा.)

एकदा विचारून भागत नाही. नशा तुटल्यावर टर्की लागते ते दिवस, जेव्हा अंग मोडून येतं आणि झोप उडते. ओव्हरडोसनंतरचे दिवस. तुरुंगातून सुटल्यानंतरचे. अफूजन्य वेदनाशामक गोळ्या एकदम तोडल्यानंतरचे. आणि व्यसनावरचं औषध सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे: शरीराची सवय गेलेली असते, जुनीच मात्रा आता जीव घेते. ताई या प्रत्येक टप्प्यावर तोच कागद पुन्हा काढतात. रुग्ण कंटाळतात. कंटाळू द्यावं.

'हो' आलं आणि धोका आजचाच असेल, तर माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे या व्यसनावरचं औषध, चालू असेल तर ते तोडायचं नाही.

(कागद. जवळून.)

बाकीच्यांसाठी मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी आखलेला सुरक्षितता आराखडा. सहा पायऱ्या, त्याच्याच अक्षरात. धोक्याची चाहूल कशी लागते, तेव्हा एकट्याने काय करायचं, कुठे जाऊन बसायचं. शेवटची पायरी, जवळ असलेलं धोक्याचं सामान दुसऱ्याकडे सोपवायचं.

चौथ्या पायरीवर, मदत कुणाकडे मागायची तिथे, दोन नावं आहेत. एक खोडलंय. त्याच्याच खाली तेच पुन्हा लिहिलंय.