बहार बेगमची राहून गेलेली गोष्ट

एक बाई पोटचं मूल टाकून देते. मुलाचा बाप शहरातला मोठा माणूस. त्याच्या हवेलीत या नात्याला जागा नाही. मूल जगतं, लोहार होतं आणि त्याच हवेलीवर डोळा ठेवून मोठं होतं. ‘कलंक’ची मूळ गोष्ट ही आहे. गोष्ट दमदार आहे, म्हणून तर चित्रपट बघताना जीव हळहळतो.

१७ एप्रिल २०१९ रोजी ‘कलंक’ देशभर लागला. निर्मिती धर्मा प्रॉडक्शन्सची, दिग्दर्शन अभिषेक वर्मन यांचं. काळ फाळणीच्या आधीचा, शहर लाहोरजवळचं हुस्नाबाद, काल्पनिक. पहिल्या दिवशी २१ कोटींहून अधिक कमाई झाली, आणि मग गर्दी ओसरली.

पडद्यावर बघा. प्रत्येक चौकट सजवलेली. झुंबरं, दिवे, पाणी, जरीचे घेर. बिनोद प्रधान यांचा कॅमेरा यातलं काही निसटू देत नाही. पण घरातलं गुपित अशा लखलखाटात जगत नाही. त्याला जेवणाच्या पंगतीतला अबोला लागतो, दाराआडचं बोलणं लागतं. हवेलीतली सून सत्या मरणाच्या दारात आहे आणि नवऱ्यासाठी, म्हणजे देवसाठी, दुसरी बायको रूप स्वतःच घरात आणते. सोनाक्षी सिन्हाच्या वाट्याला केवढा प्रसंग आला होता! चित्रपट तिच्यापाशी थांबतच नाही. देव ज्याच्याशी मैत्री करतो तो लोहार जफर, टाकून दिलेलं तेच मूल, आपलाच सावत्र भाऊ आहे, हे त्याला माहीत नाही. त्या दोघांच्या बैठकीत ताण किती साठवता आला असता. त्याऐवजी आपल्याला जफरची बैलाशी झुंज दिसते.

आणि बहार बेगम, जफरला टाकून देणारी आई. ही भूमिका आधी श्रीदेवी करणार होत्या. २०१८ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या आणि ती माधुरी दीक्षितकडे आली. समोर जफरचा बाप बलराज चौधरी, म्हणजे संजय दत्त. १९९७ च्या ‘महानता’नंतर ही जोडी पहिल्यांदाच एकत्र. दोघं समोरासमोर येतात तेव्हा सेट विसरायला होतो. माधुरी आवाज चढवत नाही. नजर उचलते, आणि इतक्या वर्षांचा अपमान तिथे उभा राहतो. हाच चित्रपट हवा होता! पण या दोघांना वेळ मिळतो तो किती थोडा.

गाण्यांनी मात्र बहारला न्याय दिला. ‘घर मोरे परदेसिया’मध्ये श्रेया घोषालसोबत वैशाली माडे गाते, आपल्या हिंगणघाटची. ‘तबाह हो गए’ सरोज खान आणि रेमो डिसूझा यांनी बसवलं. त्या नाचात बहार जे सांगते, ते पटकथेने तिला कुठेच बोलू दिलेलं नाही.

पुढे दंगल उसळते. पोलादाच्या कारखान्यामुळे पोटापाण्याचं काम जाईल या भीतीने लोहार पेटलेले, त्यात धर्माची आग. फाळणीची एवढी मोठी जखम इथे शेवटच्या धावपळीपुरती वापरली आहे, हे मला सर्वांत जास्त खटकतं.

बऱ्याच वर्षांनी रूप ही कहाणी एका पत्रकाराला सांगते आणि आपल्याकडे वळून विचारते, यात तुम्हाला काय दिसलं, कलंक की प्रेम? प्रश्न बलराजला विचारायला हवा होता. आणि विचारायला हवा होता बहारने.