लेखनिक हवा आहे

श्रोतेहो, नमस्कार.

राष्ट्रीय सेवा योजनेतील स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तासांचे काम करावे, अशी अपेक्षा असते. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 1969 साली सुरू झालेल्या या योजनेतील वृक्षारोपण, ग्रामस्वच्छता, रक्तदान शिबिर ही कामे आपल्या परिचयाची आहेत. 3 डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनी, एखाद्या अंधशाळेत फळवाटप करून छायाचित्र काढून घेण्याचा कार्यक्रमही अनेक ठिकाणी होतो. त्या फळांविषयी माझी तक्रार नाही. परंतु तिथल्या मुलांना परीक्षेच्या दिवसांत जो माणूस लागतो, तो शोधूनही मिळत नाही. तो म्हणजे परीक्षेतील लेखनिक, ज्याला ही मुले ‘रायटर’ म्हणतात.

लेखनिक प्रश्न वाचून दाखवतो, दृष्टिहीन परीक्षार्थी उत्तर तोंडी सांगतो आणि लेखनिक ते उतरवून घेतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, परीक्षार्थीने स्वतः लेखनिक आणल्यास त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावे लागते. उत्तरे आयती पुरवली जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. पण त्यामुळे घरातला पदवीधर भाऊ किंवा शेजारचे निवृत्त गुरुजी अशी हक्काची माणसे बाद होतात आणि उरतात ते खालच्या वर्गातले विद्यार्थी. त्यांच्याही परीक्षा त्याच सुमारास असतात, घरचे कुरकुरतात आणि ऐन वेळी ‘जमणार नाही’ असा निरोप येतो. परीक्षार्थीला दर तासामागे किमान 20 मिनिटे जादा मिळत असल्याने तीन तासांच्या उत्तरपत्रिकेसाठी लेखनिकाला चार तास बसावे लागते, हेही आधी कुणी सांगितलेले नसते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. आता मी म्हणतो, ‘अ अधिक ब चा वर्ग’. आपण हे केवळ ऐकले. मग वर्ग एकट्या ब चा की दोघांच्या बेरजेचा, हे आपल्याला सांगता येईल का? परीक्षार्थीपुढेही हाच प्रश्न असतो. म्हणून ‘कंसात अ अधिक ब, कंस पूर्ण, संपूर्ण कंसाचा वर्ग’ असे वाचावे लागते. बहुपर्यायी प्रश्नाचे चारही पर्याय एकाच पट्टीत वाचायचे असतात, बरोबर पर्यायावर आवाज किंचितही चढता कामा नये. परीक्षार्थी डोळ्यांदेखत चुकीचे उत्तर सांगत असला, तरी लेखनिकाने ते तसेच लिहायचे असते. अनेक चांगल्या मनाच्या मुलांना नेमके हेच जड जाते. उलट लेखनिकाचे ऱ्हस्व-दीर्घ कच्चे असले, तर मराठीच्या उत्तरपत्रिकेत गुण मात्र परीक्षार्थीचे जातात.

हे सारे सरावाने येते. परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकाला भेटून तो योग्य आहे की नाही हे पडताळून पाहण्याची मुभा केंद्राच्या ऑगस्ट 2018 मधील सूचनांत होती, शिवाय वेगवेगळ्या विषयांसाठी, विशेषतः भाषांसाठी, वेगवेगळे लेखनिकही त्यांनुसार घेता येत. माझ्या मते महाविद्यालयांनी दिवाळीनंतरच इच्छुकांची यादी करावी, जुन्या प्रश्नपत्रिकांवर जोडीने सराव करून घ्यावा आणि ते तास सेवेच्या तासांत धरावेत. प्रत्येक जोडीमागे एक राखीव लेखनिक असावा, कारण ताप कुणालाही येऊ शकतो.

लेखनिकाची गरज केवळ दृष्टिहीनांनाच असते असे नाही. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवारालाही लेखनिक मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये दिला. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा न राहण्याचा विकार, असलेल्या काही मुलांचे उच्चार कानाला ओळखीचे व्हायलाच काही दिवस लागतात. तिथे दोन दिवस आधीची भेट अपुरी पडते.

ज्यांना परीक्षेच्या काळात सवड नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली पानाचे नुसते छायाचित्र वाचू शकत नाही. त्या पानाचा मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला ओळखता येणाऱ्या अक्षरांत, यावा लागतो. यंत्राने तो ओळखला, तरी मराठी जोडाक्षरांत चुका राहतात आणि त्या डोळस माणसाने मूळ पुस्तकाशी ताडून सुधाराव्या लागतात. 2012 साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी असे रूपांतर करता येते. एकेका स्वयंसेवकाने एकेक प्रकरण वाटून घेतले, तर सत्राच्या सुरुवातीलाच पुस्तक मुलांच्या हाती पडू शकते. त्यासाठी आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे नाव जूनमध्येच द्यावे.

नमस्कार.