जुना फ्लॅट घेताना कोणती तपासणी करून घ्यावी?

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईत रीसेलचा फ्लॅट बघायला गेलात की एजंट हमखास सांगतो, "बँकेचं व्हॅल्युएशन झालंय, काही काळजी करू नका." झालेलं असतंही. पण ते बँकेने स्वतःसाठी करून घेतलेलं असतं. बँकेचा माणूस येतो, चार फोटो काढतो, आसपासचे भाव बघतो आणि कर्ज थकलं तर हे घर कितीला जाईल, ते लिहून देतो. स्लॅबमधली सळई गंजलीय का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

तुमच्या कामाची तपासणी इमारतीच्या वयावर ठरते. इमारत नवी असेल तर प्रश्न सोपा. बिल्डरांना बांधून ठेवणाऱ्या रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो कळवल्यावर 30 दिवसांत बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तेव्हा ताबा घेतानाच कार्पेट एरिया, म्हणजे घरातली वापरायची जागा, टेपने मोजा, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार बघा आणि तक्रार लेखी द्या.

खरी गोम जुन्या इमारतींत आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे तिच्या मजबुतीची तपासणी, दर 5 वर्षांनी आणि त्यापुढे दर 3 वर्षांनी व्हायला हवं. 30 वर्षं उलटलेल्या इमारतीची तपासणी तर मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ‘353-ब’नुसारही बंधनकारक आहे. हा रिपोर्ट विकणाऱ्याला सोसायटीकडून आणायला सांगा, तो सभासद असतो. आणि नुसतं शेवटचं सर्टिफिकेट नको, चाचण्यांच्या आकड्यांसकट अख्खा रिपोर्ट मागा. त्यात इमारतीचा वर्ग लिहिलेला असतो. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-2-ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-2-बी म्हणजे घर न सोडता दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ काम. सी-2 दिसलं की पुढचा प्रश्न पैशांचा: दुरुस्तीची वर्गणी विकणारा भरणार की तुम्ही? हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन नको.

सोसायटीचा रिपोर्ट अख्ख्या इमारतीचा असतो, तुमच्या खोल्यांची खबर त्यात मिळेलच असं नाही. त्यासाठी स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. तो हातोडीने स्लॅबवर ठोकत जातो. घट्ट काँक्रीट ठणठणतं, प्लास्टर सुटलेलं असेल तिथे बद्द आवाज येतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे पाडते. विक्रीच्या तोंडावर नवीकोरी फॉल्स सीलिंग बसवलेली दिसली, तर निदान वरच्या घराच्या मोरीखालचा एक तुकडा तरी उघडून दाखवायला सांगा. विकणारा कुरकुरेल, कुरकुरू द्या.

गावठाणातलं घर किंवा बंगला असेल तर आधी सिटी सर्व्हेची, म्हणजे सरकारी जमीन-मोजणीची, मोजणी आणि प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद, बघा. फ्लॅट असला तरी कार्डावर नजर टाकाच. जमीन अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल, म्हणजे कन्व्हेयन्स झालेलं नसेल, तर पुनर्विकासाच्या वेळी सोसायटीला आधी त्यासाठीच खेटे घालावे लागतील.