डायल नसलेला टेलिफोन

श्रोते हो, नमस्कार. उद्या १४ एप्रिल. आपल्या इंदूरकरांना ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. महूकडे जाणारा रस्ता आजपासूनच भरून वाहतोय, बाबासाहेबांच्या जन्मगावी कुठून कुठून माणसं येतायत. याच तारखेला देशातल्या अग्निशमन केंद्रांवर आणखी एक गोष्ट घडते. जवान रांगेत उभे राहतात, आपल्या गेलेल्या साथीदारांना मानवंदना देतात आणि अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. तो नेमका १४ एप्रिललाच का सुरू होतो, हे मी आज सांगणार आहे. कारण मला दिलेला विषय आहे, लहानशा चुकीतून मोठी दुर्घटना कशी घडते. आणि या विषयावर इतकं शिकवणारी दुसरी हकिगत मला तरी ठाऊक नाही.

साल १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं मालवाहू जहाज इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं आणि कराची करत १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागलं. त्याच्या पोटात काय होतं ते नीट ऐका. सुमारे १,४०० टन दारूगोळा: तोफगोळे, सुरुंग, पाणतीर. खोक्यांत भरलेली लढाऊ विमानं. सोन्याच्या लगडी, एकेक लगड साडेबारा किलोची. थोडा माल कराचीत उतरला, तर त्या रिकाम्या जागेत चढवल्या कापसाच्या ८,७०० गाठी, शिवाय लाकूड, तेलाची पिंपं, गंधक आणि मासळीचं खत. हा माल घ्यायला कप्तानाने हरकत घेतली होती. पण युद्धाचे दिवस, जहाजांची टंचाई, हरकत तशीच राहून गेली.

आता दोन नंबरचा खण. जहाजात माल ठेवायला खोल विहिरीसारखे खण असतात, त्यातला हा दुसरा. त्यात खाली कापूस आणि वर स्फोटकं. पुन्हा सांगते, खाली कापूस आणि वर स्फोटकं.

आमच्या श्रोत्यांमध्ये मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या घरांतली मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना कापसाची आग समजावून सांगायची गरज नाही. गाठीला लागलेली आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. ज्वाळा नाही, फक्त धूर. ती विझवायची तर गाठ बाहेर काढून फोडावी लागते. नुसतं वरून पाणी ओतून भागत नाही.

स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचं असतं. ते लावलेलं नव्हतं. शांततेच्या काळात असं जहाज गोदीत आत घेतच नसत. बाहेर समुद्रात उभं करून तिथेच माल उतरवत. युद्धामुळे हा नियम सैल केला होता. स्फोटकं उतरवायला बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू होड्या लागतात, त्या वेळेवर आल्या नाहीत. मग हमालांनी आधी मासळीचं खत उतरवायला घेतलं. सगळ्यात धोक्याचा माल जहाजातच राहिला.

शुक्रवार, १४ एप्रिल. दुपारी साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरच्या काही जणांना ‘फोर्ट स्टिकिन’मधून धुराची बारीक रेघ निघताना दिसली. त्यांनी पाहिली आणि सोडून दिली. त्या जहाजावर कोणी आरडाओरडा करत नाही, म्हणजे त्यांना ठाऊक असेल, असं त्यांना वाटलं. हे वाटणं लक्षात ठेवा, ‘त्यांना ठाऊक असेल’. हमाल जेवायला वर गेलेले होते. दोनच्या आसपास जेवून परत आले, तेव्हा कुठे खणातला धूर पाहून ओरड झाली. म्हणजे जवळपास दीड तास गेला. कोणाच्या तरी विडी-सिगरेटमुळे कापूस पेटला असावा असं मानलं गेलं. कोणाच्या, ते कधीच कळलं नाही.

आता टेलिफोनची गोष्ट. जहाजाजवळ एक बंब तैनात होता. तिथल्या जवानांनी ताबडतोब पाणी सोडलं. जहाजात काय भरलंय हे कळल्यावर त्यांच्यातल्या एकाला फोन करायला धाडलं. दोन-नऊ-शून्य फिरव आणि नियंत्रण कक्षाला कळव, असं त्याला सांगितलं होतं. तो धावत फोनपाशी गेला. फोन होता, पण त्याला डायलच नव्हती. दोन-नऊ-शून्य फिरवणार कसं? तो गोंधळला, आणि कोणीही करील ते त्याने केलं. जवळच्या आगीच्या घंटेची काच फोडली आणि घंटा वाजवली.

घंटा वाजली, इशारा पोहोचला. पण घंटेला बोलता येत नाही. ‘जहाज पेटलंय आणि त्यात दारूगोळा आहे’ हे घंटा कसं सांगणार? नियंत्रण कक्षाने साध्या आगीला पाठवतात तसे दोन बंब पाठवले. ते आल्यावर अधिकाऱ्याने परिस्थिती पाहिली आणि आणखी बंब मागवले. तेवढी मिनिटं गेली ती गेलीच. मला त्या जवानाला दोष द्यावासा अजिबात वाटत नाही. त्याने आपलं काम केलं. डायल नसलेला फोन तिथे ठेवणाऱ्याला ती जागा कसली आहे हे उमगलं नव्हतं.

जाता जाता सांगते. आपल्या घरातल्या मुलांना आईचा मोबाइल नंबर तोंडपाठ नसतो, हे मला मुळीच पटत नाही. तीन नंबर पाठ हवेतच. फोनची बॅटरी संपली की ही मुलं कोणाला बोलावणार? असो, मुंबईकडे परत जाऊ या.

अडीच ते चार. बंबांनी पाणी ओतलं, ९०० टनांच्या घरात. पण आगीचं मूळ कुठे आहे हेच सापडेना. आणि आता अंगावर काटा येईल असा भाग. खण पाण्याने भरत गेला तसा कापूस तरंगू लागला. जळत्या गाठी पाण्याबरोबर वर वर सरकत गेल्या, आणि वर काय होतं? स्फोटकं. विझवणारं पाणीच आगीला दारूगोळ्याच्या जवळ नेत होतं. बाहेरून जहाजाचा पत्रा तापून त्यावरचा रंग फुगायला लागला, तेव्हा आत आग कुठे आहे ते कळलं. पत्रा कापून तिथून पाणी मारावं म्हणून गॅस कटर आणला, तो चालेना.

दरम्यान धक्क्यावर अधिकारी जमले होते. लष्कराचा दारूगोळ्याचा जाणकार म्हणत होता, हे जहाज अख्खी गोदी उडवील, इथेच बुडवा. बंदराचा अधिकारी म्हणत होता, बाहेर काढा. कप्तानाला दोन्ही बाजूंनी सल्ले मिळत होते, पण हुकूम कोणीच देत नव्हतं. सगळे अनुभवी, सगळे आपापल्या जागी बरोबर. निर्णय मात्र कोणाचाच नव्हता. आणि शेजारच्या धक्क्यांवर माणसं नेहमीसारखी काम करत होती. तिथून पळा, हे त्यांना सांगायला कोणी गेलं नाही.

३ वाजून ५० मिनिटांनी ज्वाळा वर आल्या आणि जहाज सोडायचा हुकूम सुटला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. स्फोटाचा धक्का शिमल्याच्या भूकंपमापकाने नोंदवला, शिमल्याच्या! ‘जलपद्म’ नावाच्या जहाजाला लाटेने असं उचललं की त्याचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडच्या छपरावर जाऊन टेकला. जळता कापूस आभाळातून वस्त्यांवर पडला आणि नव्या आगी लागल्या. आठशेच्या वर माणसं गेली. कप्तान गेला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. ते शेवटपर्यंत नळ धरून उभे होते. उद्याची मानवंदना त्यांना असते.

सोन्याचं काय झालं, तर लगडी शहरभर उडाल्या. दूरवर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थांच्या व्हरांड्यात छप्पर फोडून एक लगड येऊन पडली. त्यांनी ती सरकारजमा केली. पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ काढताना लगडी सापडत राहिल्या.

आणि बातमी? आपल्याकडे ती दाबून ठेवली. जगाला ती पहिल्यांदा सांगितली सायगाव रेडिओने, जपानच्या ताब्यातल्या. इथल्या वर्तमानपत्रांना परवानगी मिळाली मे महिन्यात. माईकसमोर बसणारी बाई म्हणून मला हे फार लागतं. शहर जळताना त्याच शहराला खरं सांगायचं नाही, हे युद्धाच्या नावाखालीही मला मान्य होत नाही. लपवलेल्या बातमीतून अफवा तेवढ्या वाढतात.

ही हकिगत सांगता सांगता वेळ बराच गेला. आता मुद्दा थोडक्यात. सिगरेट ही लहान चूक होती. पण ती विझवायला साडेतीन तास हातात होते. साडेतीन तास! त्या वेळात खबर एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात राहिली आणि दर वळणावर तिच्यातलं महत्त्वाचं तेवढं गळत गेलं. ‘धूर दिसला’ एवढं पोहोचलं, ‘खाली कापूस, वर स्फोटकं’ हे पोहोचलं नाही. घंटा पोहोचली, दारूगोळा पोहोचला नाही.

१९८३ साली कॅनडात एका मोठ्या विमानाचं इंधन ४१,००० फुटांवर संपलं. कारण काय, तर हिशोबात एका लिटर इंधनाच्या वजनाचा आकडा आला, १.७७. तो पौंडांचा होता, आणि सगळ्यांनी किलोंचा धरला. आकडा पोहोचला, पौंड की किलो ते पोहोचलं नाही. हवं होतं त्याच्या निम्मंही इंधन भरलं गेलं नव्हतं. वैमानिकाला ग्लायडर चालवता येत होतं म्हणून त्याने इंजिनाशिवाय ते विमान गिमली नावाच्या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, आणि ६९ जण वाचले. १९८७ साली बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून एक फेरीबोट पुढचं दार उघडं ठेवून निघाली. दार लावणारा खलाशी खोलीत झोपला होता. दार बंद की उघडं, हे कप्तानाला दाखवणारा साधा दिवा वर नव्हता. तो बसवा अशी मागणी आधी झाली होती. काही मिनिटांत बोट आडवी झाली. १९३ जीव गेले.

भोपाळचं काय, असं कोणी विचारील. भोपाळला मी लहान चूक म्हणणार नाही. विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा महिनोन्‌महिने बंद ठेवणं, गळलेला वायू जाळून टाकणारी नळी सुटी करून ठेवणं, हे ठरवून केलेलं होतं. त्याला हात चुकला म्हटलं तर १९८४ च्या त्या रात्री गेलेल्यांवर तो अन्याय होईल.

आणि आपलं इंदूर. ३० मार्च २०२३, रामनवमी, बेलेश्वर महादेव मंदिर. हवनाला बसलेल्या माणसांच्या खाली फरशी, फरशीखाली बावडी, म्हणजे जुनी पायऱ्यांची विहीर. फरशी खचली. ३६ माणसं गेली. तिथे बावडी आहे हे जुन्यांना ठाऊक होतं. नव्याने येणाऱ्याला फक्त फरशी दिसत होती. आपल्या शहरात अशा जुन्या बावड्या पुष्कळ आहेत. आपल्या वाड्याखाली, देवळाखाली, गल्लीत काय बुजवलंय ते ज्या आजी-आजोबांना आठवतं, त्यांनी ते नातवंडांना सांगावं. नुसतं सांगू नये, जागा दाखवावी. आणि सोसायटीच्या कागदावर लिहून ठेवायला लावावं.

तसंच मंगल कार्यालयांचं. मागच्या दाराला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडे तो माणूस पंगतीत, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. यजमानांनी हॉल ठरवताना जेवणाचा भाव विचारायच्या आधी किल्ली कुठे असते ते विचारावं. रागवले तर रागवू देत. सराफ्यात रात्री खाऊच्या गाड्यांवर सिलिंडर असतात, गल्ली अरुंद, गर्दी दाट. गाडीवाल्या भावांनो, रेग्युलेटर बंद करायचं काम कोणाचं, हे रोज संध्याकाळी नाव घेऊन ठरवा. ‘कोणीतरी करील’ असं ठेवू नका.

शेवटी कामाचं. कुठेही आग दिसली तर ११२ किंवा १०१ फिरवा. दुसऱ्याने केला असेल असं समजू नका, तुम्ही करा. ‘आग लागली, लवकर या’ एवढ्यावर थांबू नका. पत्ता सांगा, जवळची खूण सांगा. काय जळतंय ते सांगा. आत काय आहे ते सांगा: सिलिंडर किती, रंगाचं दुकान आहे का, फटाके आहेत का, बॅटऱ्या आहेत का. कोणी अडकलंय का, कितव्या मजल्यावर, ते सांगा. बंब गल्लीत शिरेल की कोपऱ्यावर थांबवावा लागेल, तेही सांगा. पलीकडचा माणूस विचारील त्याचं उत्तर द्या आणि त्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. नमस्कार.