उतार आधी, चढ मग

श्रोतेहो, नमस्कार.

इंदुरात राहून डोंगर पाहायचा तर मान वर करून चालत नाही, खाली वाकून पाहावं लागतं. आपण डोंगराच्या डोक्यावरच राहतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, खाली नर्मदेकाठचं महेश्वर १५० मीटरच्या थोडं वर. मधला चारशे मीटरचा फरक विंध्याच्या कड्यात आहे, आणि तो कडा राजवाड्यापासून सायकलने दोन-अडीच तासांवर आहे. महू मागे पडलं की गव्हा-हरभऱ्याची सपाट शेतं एकाएकी संपतात, सागाचं जंगल लागतं आणि जमीन निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात, उतरायला लागते.

गेली आठ-नऊ वर्षं मी आणि माझी मैत्रीण हिवाळ्यात रविवारी पहाटे सायकली काढून या बाजूला जातो. शक्य तिथे डांबर सोडतो आणि मुरुमाची वाट धरतो. आज त्या वाटांविषयीच तुमच्याशी बोलायचं आहे.

अशा वाटांसाठी परदेशात ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणून वेगळी सायकल निघाली. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाड, ३५ ते ५० मिलिमीटरचे, डिस्क ब्रेक, आणि चढासाठी अगदी हलके गिअर. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली अशा रस्त्यांवरची २०० मैलांची शर्यत सुरू झाली. तिथल्या टेकड्यांतला चकमकीचा दगड टायर फाडण्यासाठी प्रसिद्ध आहे. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरली. पण तुमच्याकडे साधी, जाड टायरची माउंटन बाइक असेल तरी आपल्या वाटांना ती पुरते. मी पहिली दोन वर्षं तीच वापरली. सायकलीपेक्षा पायाखालचा दगड ओळखणं जास्त महत्त्वाचं आहे.

आपला दगड काळा, बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हाचे थरावर थर साचले, त्यांतून माळव्याचं पठार झालं. हा दगड झिजताना दोन गोष्टी होतात. अर्धवट झिजला की मुरूम, आणि पुरता कुजला की आपली काळी माती. मुरुमातून पाणी झिरपून जातं, त्यामुळे पावसाची सर येऊन गेली तरी तासा-दोन तासांत चाक चालतं. काळी माती पाणी पिऊन फुगते. पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही शेतांमधून जाणारी एक गाडीवाट धरली. शंभर पावलांत चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये मातीचा असा गोळा बसला की चाक फिरेना. दोघींनी सायकली खांद्यावर घेतल्या आणि काटकीने माती खरवडत बाहेर आलो. तेव्हापासून पावसात शेतवाट नाही. फेब्रुवारीत मात्र तीच वाट घट्ट, गुळगुळीत होते आणि दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडायला लागलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. हिमालयात किंवा सह्याद्रीत माणूस आधी चढतो, दमतो, मग उताराचं सुख घेत घरी येतो. इंदूरकराचं उलटं आहे. सकाळी ताजे पाय असताना आपण दरीत उतरतो, वारा कानांत भरतो, सायकल आपोआप पळते, आणि वाटतं की आज कितीही लांब जाऊ. सगळा हिशेब दुपारी करावा लागतो. ऊन डोक्यावर, बाटलीत दोन घोट, आणि घर चारशे मीटर वर. मी हे शिकले ते चोरल नदीच्या खोऱ्यात.

त्या खोऱ्यात जायला आम्ही खंडवा रस्ता धरतो. सिमरोल मागे टाकून भेरूघाट उतरायचा. घाटात ट्रकांची वर्दळ फार, म्हणून उजाडता उजाडता तो पार करावा. खाली चोरल गावाकडून कालाकुंडच्या बाजूला वळलं की हॉर्न ऐकू येईनासे होतात. नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. साग, पळस, तेंदू, मोह. जानेवारीनंतर सागाची ताटाएवढी पानं वाटेवर पडतात आणि त्यांखाली दगड लपतात. पानांच्या ढिगावर ब्रेक दाबू नये, ढीग यायच्या आधीच वेग कमी करावा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचायला बायका-मुलं झाडाखाली बसलेली असतात, तेव्हा वळणावर घंटी वाजवत, सावकाश जावं. आपण तिथे फिरायला आलेले असतो, त्यांचं वर्षाचं काम चाललेलं असतं.

कालाकुंड हे जुन्या मीटरगेज मार्गावरचं स्टेशन. हा मार्ग होळकरांनी, म्हणजे दुसऱ्या तुकोजीरावांनी, इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन बांधवून घेतला. २५ डिसेंबर २०१८ला त्यावर पाताळपाणी ते कालाकुंड अशी हेरिटेज गाडी सुरू झाली. स्टेशनावर पळसाच्या पानात कलाकंद मिळतो. आमच्यासाठी तो नुसता खाऊ नाही, परतीच्या चढाचं इंधन आहे. एक कळकळीची विनंती: रुळांवरून किंवा बोगद्यांतून सायकल नेऊ नका. तो गुन्हा तर आहेच, आणि बोगद्यात दोन्ही बाजूंना सरकायला जागा नसते.

त्या रुळांजवळच माझं टायर फाटलं होतं. रुळांखालची गिट्टी म्हणजे ताजा फोडलेला बेसाल्ट, त्याची धार सुरीसारखी. टायरच्या बाजूच्या भिंतीला बोटभर चीर गेली. नवी ट्यूब घातली असती तर ती चिरेतून फुग्यासारखी बाहेर आली असती. मैत्रिणीने दहा रुपयांची नोट काढली, तिची चौघडी करून चिरेच्या आत टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये बसवली, आणि हवा जरा कमीच भरली. त्या नोटेवर मी घरापर्यंत आले. मात्र वाटेतला चढ पायीच चढले, आणि तेव्हा कळलं की सकाळी उतरताना दोन बाटल्या संपवणं किती चुकीचं होतं. शेळ्या घेऊन उतरणाऱ्या एका आजींनी मला थांबवलं, त्यांच्या कॅनमधलं पाणी माझ्या बाटलीत ओतलं आणि काही न विचारता पुढे गेल्या. मला नीट आभार मानायलाही सुचलं नाही.

तेव्हापासून माझा नियम असा की उतारावर एक बाटली, चढासाठी दोन. टायर ४० मिलिमीटरचं आणि वजन साधारण असेल तर हवा ३५ ते ४० पीएसआयच्या आसपास. जास्त भरली तर सायकल प्रत्येक खड्यावर उडते, फार कमी भरली तर दगड रिमला लागतो. खड्यांच्या चढावर सीटवर बसूनच पेडल मारावं. उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागच्या जागी गरगरतं. उतारावर दोन्ही पेडल सारख्या उंचीवर, कोपरं सैल, नजर दहा-पंधरा हात पुढे.

पावसाळ्यात या खोऱ्याचं रूप पाहावं असं सगळ्यांनाच वाटतं. पाहा, पण काठावरून. पाताळपाणीला चोरल नदी सुमारे तीनशे फूट खाली पडते. २०११च्या जुलैमध्ये तिथे सहलीला आलेलं एक कुटुंब पाण्याच्या लोंढ्यात सापडलं आणि माणसं गेली. पाऊस वरच्या पठारावर पडतो, आपण जिथे उभे असतो तिथे आभाळ कदाचित कोरडं असतं. वाहत्या ओढ्याचं पाणी एकदम मातकट झालं, त्यात पालापाचोळा यायला लागला, की सायकल सोडून आधी उंचावर जावं. पाणी घोट्याच्या वर असेल तर आम्ही परत फिरतो. कितीही लांबून आलेलो असलो तरी.

या सगळ्यात एकच वाट अशी आहे जी आधी चढवते, ती जानापावची. मानपूरच्या अलीकडे आग्रा-मुंबई रस्ता सोडला की आठशे मीटरहून उंच अशा या टेकडीकडे वळता येतं. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक इथे येतात, आणि चंबळ इथे उगम पावते. माथ्यावर बसून मी दर वेळी तेच पाहते. नर्मदा दक्षिणेला इतकी जवळ, तरी चंबळ तिच्याकडे पाठ करून उत्तरेला यमुनेला भेटायला जाते, कारण पठार उत्तरेकडे कललेलं आहे. आपली क्षिप्राही तशीच. कड्याच्या या बाजूला पडलेला थेंब गंगेतून बंगालच्या उपसागराला मिळतो, त्या बाजूचा चोरलमधून नर्मदेत आणि मग खंभातच्या आखाताला. शाळेत नकाशावर हे शिकले होते, पण खरं पटलं ते इथे, पाय दुखत असताना.

जाम दरवाज्याविषयी थोडक्यात सांगते, कारण तिथे बरेच जण गेलेले असतात. अहिल्याबाईंच्या काळातलं ते दगडी दार महू-मंडलेश्वर रस्त्यावर बरोबर कड्याच्या काठावर आहे. इंदूर ही होळकरांची राजधानी १८१८ साली झाली, त्याआधी अहिल्याबाई महेश्वराहून कारभार बघत. म्हणजे माळव्यात यायचं तर हा कडा चढावा लागे, घोड्यावर, मेण्यात किंवा पायी. तिथून मंडलेश्वरला उतरून नर्मदेच्या काठाने महेश्वर गाठता येतं. काठावर परिक्रमावासी भेटतात, त्यांना ‘नर्मदे हर’ म्हणावं, तेही म्हणतात. त्याच दिवशी सायकलने परत यायचा हट्ट मात्र पहिल्या खेपेला करू नका. महेश्वरला मुक्काम करा आणि पहाटे पाचला, ऊन नसताना, चढ धरा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे आपले महिने. पहिल्यांदा जाणार असाल तर कालाकुंडलाच जा, दोघं-तिघं मिळून जा, घरी परतायची वेळ सांगून निघा. आणि कालाकुंडहून परत फिरण्याआधी स्टेशनाच्या नळावर तिन्ही बाटल्या भरून घ्या.

नमस्कार.