डाग नको, रेघ शोध

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय डॉ. बेंजामिन फेल्सन यांच्याबद्दल. अमेरिकेत सिनसिनाटीला होते, एक्सरे वाचणारा माणूस आणि पुढे जर्नलचा संपादक. पण आधी माझी फजिती ऐका, त्याशिवाय ते कळायचे नाहीत.

मी रेसिडेंट होतो, रात्रीची ड्युटी. तापाने फणफणलेल्या एका बाईंचा छातीचा एक्सरे लावला व्ह्यू बॉक्सवर, इकडून बघितला तिकडून बघितला, ठळक डाग काही दिसेना, दिलं ठोकून नॉर्मल. सकाळी सर आले, चष्मा कपाळावर सरकवला, पेनचं टोपण फिल्मवर टेकवलं, म्हणाले, "हृदयाची उजवी कड दाखव." मी बोट फिरवतोय, फिरवतोय, कड आहेच कुठे! डावीकडची कशी कात्रीने कापल्यासारखी आणि उजवीकडे सगळं पुसल्यासारखं. "अरे, डाग काय शोधतोस, रेघ कुठे गेली ते शोध!" न्यूमोनिया होता, उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या लोबमध्ये, म्हणजे मधल्या भागात, हृदयाला अगदी चिकटून. सगळ्या ज्युनिअर्ससमोर हो.

तर ही फेल्सनसाहेबांची सिल्हूट साइन. दुधात पांढरी वाटी बुडवा, कड दिसते का? तसंच. शेजारी हवा असेल तर हृदयाची कड दिसते, हवेच्या जागी पू-पाणी भरलं की दोघांची छाया एकच. खालचा लोब मागे असतो, हृदयाला शिवत नाही, तिथे बिघडलं तर डायफ्रामची, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याची, कड जाते. परत सांगतो, मधला लोब, हृदयाची कड. खालचा लोब, डायफ्रामची. एका समोरून काढलेल्या फिल्मवर जागा सापडते! 1950 साली रेडिओलॉजी या जर्नलमध्ये हेन्री फेल्सन यांच्यासोबत त्यांनी हे मांडलं.

मग 1966 ला सेमिनार्स इन रोएंटजेनॉलॉजी हे एक्सरेशास्त्राचं जर्नल निघालं, संपादक हेच. त्रैमासिक, एका अंकात एकच विषय धरून बसायचं, मला हे फार आवडतं, नाहीतर हल्ली रिपोर्टसुद्धा असे की दोन पानं वाचून शेवटी काय, तर क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी तुम्हीच ताडून बघा. अहो मग तुम्ही कशाला बसलाय तिथे? असो. 1988 मध्ये फेल्सन गेले.

आणि हो, त्या बाई बऱ्या झाल्या, सांगायचंच राहिलं. रिपोर्ट सरांनी बदलला, सही मात्र माझीच घेतली.