शंभर मीटर, पण कुठून?

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले हे अणकुचीदार खिळे. १७३२ साली वाड्याची वास्तुशांत झाली, १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं. राहिले तट, बुरूज आणि दगडी जोती.

आता पाठ फिरवा. रस्त्यापलीकडे एक दुमजली वाडा दिसेल. वर पत्रा, पुढच्या भिंतीला लाकडी टेकू. अशा वाड्यांतले मालक आणि भाडेकरू यांचं एरवी कशावर एकमत होत नाही. प्रश्न मात्र दोघांचा एकच, "आपला वाडा शंभरात येतो का हो?"

शंभर म्हणजे शंभर मीटर. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती एवढ्या पट्ट्यात नवं बांधकाम बंद. दुरुस्ती करता येते, तीही परवानगी काढून. त्यापुढच्या दोनशे मीटरांत बांधता येतं, पण आधी अर्ज. हे अंतर १९९२ च्या अधिसूचनेनं ठरलं आणि २०१० मध्ये थेट कायद्यातच आलं.

पण टेपचं टोक धरायचं कुठे? दरवाज्याच्या उंबऱ्याला? बुरुजाच्या पायाशी? मोजायचं असतं ते संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या हद्दीपासून. ती हद्द डोळ्यांना दिसेलच असं नाही, ती असते नकाशात. तटापुढची मोकळी जागा त्या रेषेच्या आत धरली, की पट्टा तेवढाच पेठेत शिरतो. चार मीटर इकडेतिकडे झाले, तर एखाद्याची ओसरी आत आणि स्वयंपाकघर बाहेर!

जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर तर खडकात खाली कोरलेलं. रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही. लेण्याचं आवार कुठे संपतं आणि शेजारच्या मंदिराचं कुठे सुरू होतं, हे रोज दर्शनाला येणाऱ्याला विचारून बघा.

राजगड, शिवनेरी आणि लोहगडासह बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तिथे आतली हद्द आणि तिच्याभोवतीचा राखीव पट्टा, दोन्ही नकाशावर आखून द्यावे लागतात. पूर्वी इतकी काटेकोरी नव्हती. त्यामुळे यादीतल्या जुन्या स्थळांच्या हद्दी युनेस्कोला देशोदेशींकडून पुन्हा स्पष्ट करून घ्याव्या लागल्या. म्हणजे हा घोळ फक्त आपल्या पेठांचा नाही.

टेकू लावलेल्या त्या वाड्याचा अर्ज भरायचा झाला, तर त्यातही हा रकाना येतोच. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासूनचं अंतर, मीटरमध्ये.